स्लो गाडीतला हिशेब

ख्रिस्ती साधना म्हटलं की आपल्यापुढे चर्च, मेणबत्त्या आणि रविवार उभा राहतो. उरलेल्या सहा दिवसांचं काय, हे आपण सहसा विचारत नाही. ठाण्यात तलावपाळीजवळ सेंट जॉन बाप्टिस्ट हे जुनं चर्च आहे. तिथले उपासकही इतर ठाणेकरांसारखेच सकाळी स्टेशनकडे धावतात. त्यांच्यातल्या काहींची साधना मात्र त्यांच्याबरोबर गाडीत चढते.

हे मला एका ख्रिस्ती स्नेह्यामुळे कळलं. त्यांची नोकरी ठाण्याला, घर डोंबिवलीला. संध्याकाळी ते फास्ट गाडी सोडून मुद्दाम स्लो पकडायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "हिशेब करायचा असतो."

हा हिशेब जुना आहे. येशूसंघाचे संस्थापक, स्पेनचे संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची उजळणी करायची एक रीत घालून दिली. 1548 साली छापल्या गेलेल्या त्यांच्या साधनाग्रंथात तिच्या पाच पायऱ्या आहेत. आधी देवाचे आभार. मग स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून कृपेची मागणी. मग सकाळपासूनचा दिवस तासातासानं आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. ठाण्यानंतर कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर आणि पाचवं डोंबिवली. "रेल्वेनं माझ्यासाठीच स्टेशनं बांधलीत," असं ते हसून म्हणत.

आम्हा मुसलमानांत याला मुहासबा म्हणतात. आपला हिशेब आपणच घ्यावा, असं सूफी सांगत आले. म्हणून मला हे परकं वाटलं नाही. नवल वाटलं ते पहिल्या पायरीचं. हिशेब म्हटला की माझी नजर आधी उधारीवर जाते. इथे आधी जमेची बाजू! तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी कुणी अनोळखी माणूस जरा सरकतो. घरी पोचेपर्यंत आपण त्याला विसरलेलो असतो. या हिशेबात त्याचं नाव पहिलं येतं, तेही नाव माहीत नसताना.

कल्याणकरांनी तर इथे रेव्हरंड टिळकांची आठवण काढायला हवी. नारायण वामन टिळकांचं प्राथमिक शिक्षण 1869 ते 1873 या काळात कल्याणला झालं. पुढे 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना, तेही आगगाडीतच, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात 'नवा करार' ठेवला. त्यातल्या गिरिप्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षं उधळला. लक्ष्मीबाई स्वतः 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. पुढे नगरच्या त्यांच्या घरात तरुण बालकवी ठोंबरे येऊन राहिले आणि या माउलीनं त्यांना मुलासारखं सांभाळलं. मला 'स्मृतिचित्रे' वाचताना साधना दिसते ती या चुलीपाशी. प्रवचनं टिळकांनी करावीत, पानं बाईंनी वाढावीत!

टिळकांना धरून ठेवणारं ते गिरिप्रवचन ऐकायला गोड आहे, पाळायला मोठं अवघड. आपला छळ करणाऱ्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात सांगितलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एक घर भाड्यानं ठरवलं होतं. मालकांच्या आईनं चहासुद्धा दिला. करारावर माझं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मालक थांबले. "सोसायटीवाले ऐकत नाहीत," म्हणाले. मी मराठी कवी आहे हे सांगून काही फरक पडला नसता. (मराठी कवीला तसंही घर कोण देतो, हा प्रश्न वेगळा.)

स्नेह्यांना विचारलं, "अशा माणसासाठी प्रार्थना कुठल्या स्टेशनला करायची?" ते हसले नाहीत. म्हणाले, "नुसतं नाव घ्या. पुढचे शब्द आले नाहीत तरी चालेल."

स्नेही आता निवृत्त झालेत. मी रात्री इशाच्या नमाजनंतर ही उजळणी करतो आणि त्या मालकांच्या नावापाशी अडतो. मध्यंतरी त्यांच्या आई अंथरुणाला खिळल्याचं कानावर आलं. त्या रात्री चहाची आठवण झाली आणि आईंसाठी सहज दुवा मागितली गेली. मालकांचं अजून नावच घेतोय.