कपाटाची किल्ली

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

15 ऑक्टोबर जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी प्रत्येक शाळेला एक लेखक लागतो. कवी चालतो, कादंबरीकारही चालतो, पण मुलांसाठी लिहिणारं कुणी मिळालं तर सोन्याहून पिवळं. दुसरा हंगाम 27 फेब्रुवारीचा, मराठी भाषा गौरव दिनाचा. एरवी मात्र आमच्या जमातीची फारशी कुणाला आठवण होत नाही. तक्रार नाही, घरी बसून लिहायला तेवढाच वेळ मिळतो.

या भेटी कशा होतात ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून त्यात बसला आहात. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत. मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, आणि त्यात माझ्या पुस्तकांची नावं हमखास चुकलेली. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं दोन शब्दांत न मावणारं मनोगत. तोवर पटांगणावरची सावली सरकलेली असते, मुलांच्या ओळीवर ऊन आलेलं असतं, आणि मागे उभे असलेले सर डोळ्यांनीच कुणाला तरी गप्प करत असतात. माझ्या वाट्याला वीस मिनिटं येतात. शेवटी सूत्रसंचालक सांगतात, आता मुलं प्रश्न विचारतील. एक मुलगी उठते, हातातल्या चिठ्ठीकडे न बघता ठसक्यात विचारते, ‘आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ हे वाक्य तिचं नाही. बाईंनी काल फळ्यावर लिहून दिलेलं आहे. मी उत्तर देते, टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होतं.

खरे प्रश्न नंतर येतात, चपला शोधताना, पाण्याच्या टाकीपाशी. खानदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीतला एक मुलगा माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आला. म्हणाला, ‘बाई, एका पुस्तकाचे किती पैसे भेटतात?’ मी त्याला रॉयल्टीचा हिशोब सांगितला, पुस्तकाची किंमत, त्याचे टक्के, वर्षाला खपलेल्या प्रती. त्याने मनातल्या मनात गुणाकार केला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मग तुम्ही दुसरं काय करता?’ मराठी प्रकाशन व्यवहाराची इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही.

हे सांगते आहे ते करमणुकीसाठी नाही. आजपर्यंत तुम्ही ओळीत बसत होतात. आता ओळी लावणारे तुम्ही असाल, चिठ्ठ्या लिहून देणारेही तुम्हीच. लेखक शाळेत येऊन मुलांना वाचक करतो, ही समजूत तुम्ही इथेच सोडून जावी असं मला वाटतं. पाहुणा एका दिवसाचा असतो. त्या तासाचं पुढे काय होणार हे वर्गातल्या शिक्षकावर ठरतं, आणि तो तास येण्यापूर्वीच ते बरंचसं ठरून गेलेलं असतं.

मला शाळेत गेल्यावर आधी कपाट बघायची सवय आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि पुस्तकं असतील. गोष्टींच्या पुस्तकांचा तिथे वेगळा उल्लेख आहे. समग्र शिक्षा योजनेत 2018 पासून ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. म्हणजे कायदा आहे, थोडे पैसेही आहेत. पुस्तकंही बऱ्याच ठिकाणी असतात. मुख्याध्यापकांच्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात, कुलपात. वर शिल्डं आणि लेझीमचा ढीग. किल्ली कुणाकडे आहे असं विचारलं की जरा पळापळ होते. पुस्तक फाटलं तर भरपाई कुणाच्या खिशातून, ही भीती त्या कुलपामागे असते आणि ती खोटी नाही. साठा नोंदवहीवर सही शिक्षकाचीच असते. पण वीस वर्षांत एकही पान न दुमडलेली पुस्तकं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याइतकं वाया गेलेलं सरकारी धन दुसरं नसेल.

याच्या उलटही एक पाहिलं. नाशिक जिल्ह्यात डोंगराकडेची चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षकी. तिथल्या बाईंनी पुस्तकं वर्गात दोरीवर टांगली होती, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, आणि देवघेवीची वही मुलांच्या ताब्यात दिली होती. वहीत नेहमीचे रकाने: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. शेवटचा रकाना ‘शेरा’. तो खरं तर पुस्तक फाटलं की मळलं हे लिहायला असतो. मुलांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. एकाने लिहिलं होतं, ‘भूत खोटं निघतं.’ खाली दुसऱ्याने, ‘शेवटी कुत्रा सापडतो, घाबरू नका.’ एकीचा शेरा नुसता, ‘लांब आहे पण वाचा.’ माझ्या एका पुस्तकापुढे ‘चित्रं चांगली’ एवढंच होतं. चित्रं माझी नाहीत.

त्या बाई रोज जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवत. कुठे थांबायचं हे त्यांना पक्कं कळत होतं. पोरगं विहिरीत वाकून बघतंय, तेवढ्यात त्या एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घालून पुस्तक मिटायच्या आणि गणित सुरू. वर्ग ओरडायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत दम न निघणारी दोन-तीन पोरं सुट्टीत दोरीखाली उभी राहून पुढचं वाचून घ्यायची आणि बाकीच्यांना सांगू की नको म्हणून भाव खायची. वाचन प्रेरणा याला म्हणतात. त्याला दीपप्रज्वलन लागत नाही.

मोठ्याने सांगण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. साने गुरुजींचं नाव घेतलं की आपण लगेच डोळे पुसायला लागतो, त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. हा माणूस आधी मास्तर होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. दैनिक, रोजचं! वर्गात कुणासमोर बोलायचंय हे ज्याला नावानिशी ठाऊक होतं, त्याने 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्या पुस्तकाची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम सांगतोय आणि भोवती मंडळी ऐकताहेत. अख्खं पुस्तक ओटीवर बसून ऐकवण्यासाठी रचलेलं आहे, आणि आपण त्यावर निबंध स्पर्धा घेतो. शिवाय त्यातला श्याम काही बक्षीस समारंभातला गुणी बाळ नाही. पोहायला जायला नको म्हणून तो लपून बसतो, मोठं होण्यासाठी पुस्तकं हवीत म्हणून पैसे चोरतो. मुलं त्याला धरून ठेवतात ती त्यामुळे. आपण मात्र वाचून झालं की लगेच विचारतो, ‘तर मुलांनो, यातून काय शिकलात?’

हा प्रश्न एवढा जुना आहे की तो विचारल्याशिवाय गोष्ट संपली असं आपल्याला वाटतच नाही. अभ्यासक्रमाला अध्ययन निष्पत्ती हव्यात, पाठ टाचणात उद्दिष्टं लिहावी लागतात, मान्य. ते सगळं मराठीच्या तासाला करा. पण दिवसातली ती दहा मिनिटं त्यातून मोकळी ठेवा. गोष्ट संपल्यावर वर्ग गप्प बसला तर बसू द्या. कुणी म्हणालं, ‘मला नाही आवडली,’ तर त्याला का ते विचारा आणि मग वाद घालू नका. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवून पिढ्यान्‌पिढ्या पळवला. त्याच्या साहसांतून काय शिकलो हे त्या वाचकांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी पुढचा भाग मागितला.

आणखी एक नाव काढते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना नोकरी आडवळणाच्या गावीच लागणार आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळ बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. त्यांनी शाळा गुरांमागे नेली. कुरणशाळा. मुलांना नावं ठेवण्याआधी ती आहेत कुठे हे पाहावं, ही साधी गोष्ट त्यांनी करून दाखवली. आज वाचनाच्या बाबतीत आपण मुलांना जी नावं ठेवतो, मोबाइल, रील्स, आळस, ती ऐकताना मला कोसबाड आठवतं. घरी वऱ्हाडी, अहिराणी, कोरकू बोलणाऱ्या पोराला आधी त्याच्या बोलीत गोष्ट सांगू द्या. पुस्तकातली मराठी नंतर येते.

पुस्तकं कुठून आणायची, असं विचाराल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक डिजिटल स्वरूपात फुकट वाचता येतात. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं आहेत, त्यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ आहे. विंदांच्या आणि पाडगावकरांच्या बालकविता आहेत, त्या तर डोळ्यांनी वाचायच्याच नाहीत, तोंडाने वाचायच्या. जमलं तर मुलांना पाचगणीजवळच्या भिलारला न्या. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कपाटाला कुलूप नाही.

मला माहीत आहे की आज पदवी मिळाली म्हणून उद्या वर्ग मिळेलच असं नाही. टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टलवरची वाट पाहणं आहे; काही जण तासिका तत्त्वावर, काही जण क्लासेसमध्ये दिवस काढतील. ही परिस्थिती अन्यायाची आहे आणि व्यासपीठावरून धीर धरा म्हणणं सोपं असतं, म्हणून मी ते म्हणत नाही. एवढंच सांगते की गोष्ट वाचून दाखवायला नियुक्तीपत्र लागत नाही. गल्लीतली पाच पोरं, मंदिराचा ओटा आणि एक पुस्तक, इतक्यावर चालतं.

आणि वर्ग मिळाला की मला बोलवा. अट एकच: माझं एखादं पुस्तक आधी वर्गात वाचून झालेलं असावं, आवडलेलं नसलं तरी चालेल. शाल नको, तेवढ्या पैशात दोन पुस्तकं येतात. व्यासपीठ नको, मला मुलांबरोबर खाली बसता येतं, गुडघे अजून शाबूत आहेत. चिठ्ठ्या लिहून देऊ नका. एसटी कुठे बदलायची तेवढं कळवा. जुलैत बोलावलंत तर बरं, परीक्षा लांब असतात आणि पुढचं सगळं वर्ष तुमच्या हातात असतं.