होतकरू पिचरची पारख

एखाद्या तरुण खेळाडूच्या अंगीं गुण आहेत हें जाणता मनुष्य चटकन् सांगतो. पण ते किती आहेत, असें विचारलें म्हणजे तो घुटमळतो. अमेरिकेंतील बेसबॉलच्या जगांत या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांनीं देण्याची रीत फार जुनी आहे. तेथील पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, मोठ्या संघांत येण्यापूर्वीं बहुधा कांहीं वर्षें लहान संघांतून उमेदवारी करतो. अशा शेंकडों तरुणांतून निवड करावयाची कशी?

ज्यानें सामने अधिक जिंकले तो चांगला, असें प्रथम वाटतें. पण सामना एकटा पिचर जिंकीत नाहीं. साथीदारांनीं धांवा केल्या नाहींत तर उत्तम पिचरही हरतो. बरें, त्यानें धांवा किती दिल्या हें पाहावें, तर तेथेंही साथीदारांची चपळाई आणि मैदानाचा गुण आड येतो. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें एक मैल उंच आहे. तेथील विरळ हवेंत टोलविलेला चेंडू अधिक दूर जातो. तेथील धांवा आणि समुद्रकांठच्या धांवा एकाच मापानें मोजणें हा अन्याय होय.

2001 सालीं व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकानें एक विचार मांडला. मैदानांत टोलविलेल्या चेंडूचें पुढें काय होतें, यावर पिचरचा ताबा फार थोडा. परंतु तीन स्ट्राइकवर फलंदाजाला बाद करणें, चार चुकीचे चेंडू टाकून त्याला फुकट बेस देणें आणि होम रन देणें, या गोष्टी बव्हंशीं त्याच्याच हातच्या. म्हणून तुलना करतांना त्यांकडे प्रथम पाहावें. वय आणि लीगची इयत्ताही विसरूं नये. एकाच इयत्तेंत सारखेच आंकडे असतील, तर चोवीस वर्षांच्या गड्यापेक्षां एकोणीस वर्षांच्या मुलाकडून अधिक आशा करावी.

स्टीव्ह डाल्कोव्स्की या विलक्षण वेगवान पिचरचें उदाहरण घेऊं. 1960 सालीं स्टॉक्टनच्या संघांत त्यानें 170 डावांत 262 फलंदाज बाद केले, आणि तितक्याच, म्हणजे 262 जणांना फुकट बेस दिले. 1962 सालीं, वरच्या इयत्तेंतील एल्मायरा संघांत, 160 डावांत बाद 192 आणि फुकट बेस 114. नऊ डावांचा एक सामना धरला, तर पूर्वीं दोन्हीं गोष्टी जवळजवळ चौदा-चौदा. आतां बाद सुमारें अकरा आणि फुकट बेस साडेसहाहूनही कमी. नुसते बाद मोजणारा म्हणेल, हा घसरला. दोन्हीं आंकडे शेजारीं मांडणारा म्हणेल, हा शिकला.

दुसऱ्याचेंच म्हणणें खरें होतें. पण 1963 च्या वसंतांत, हंगामापूर्वींच्या एका सामन्यांत, त्याच्या हाताला इजा झाली. मोठ्या लीगमध्यें तो कधींच खेळला नाहीं. 2020 सालीं तो वारला.

श्रोतेहो, यावरून आंकडे व्यर्थ ठरत नाहींत. त्यांच्याविना त्या तरुणाची प्रगतीही कोणाला नेमकी दाखवितां आली नसती. मात्र आंकडा हा झालेल्या गोष्टीचा साक्षीदार आहे, होणाऱ्या गोष्टीचा जामीन नव्हे. साक्ष जरूर ऐकावी. पण ती ज्या हाताविषयीं आहे, तो हाडामांसाचा आहे हें निवाडा करणारानें विसरूं नये.