‘वेन्ड’ या विरळ इंग्रजी क्रियापदाची रूपे व त्यांपासून शिक्षकास मिळणारा बोध
(शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



सन २०००-०१ पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे पूर्वी पाचवीच्या वर्गशिक्षकापुढे उभी राहणारी अडचण आता खालच्या वर्गांतही दिसू लागली आहे. ‘वॉक’चे ‘वॉक्ड’, ‘प्ले’चे ‘प्लेड’, ‘जम्प’चे ‘जम्प्ड’ ही भूतकाळी रूपे शिकलेला मुलगा एके दिवशी ‘ही गोएड टु द मार्केट’ असे वाक्य बोलतो. वर्ग हसतो, वहीवर तांबडी फुली पडते, आणि पुढचे काही दिवस तो मुलगा इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही. ज्याच्या घरी इंग्रजीचा एकही शब्द कानी पडत नाही, अशा मुलाच्या बाबतीत हे मौन वर्षभरही टिकू शकते. म्हणून त्या फुलीचा विचार अगत्याने केला पाहिजे. या विचारास एका विरळ इंग्रजी क्रियापदाचा चांगला उपयोग होतो. ते क्रियापद म्हणजे ‘वेन्ड’.

‘वेन्ड’ हे क्रियापद आज बोलण्यात जवळजवळ ऐकू येत नाही. गोष्टीत, कवितेत किंवा प्रवासवर्णनात मात्र ते क्वचित भेटते. त्याची रूपे चालविणे सोपे आहे. वर्तमानकाळी ‘वेन्ड’, तृतीयपुरुषी एकवचनी ‘वेन्ड्स’, चालू क्रियेसाठी ‘वेन्डिंग’, भूतकाळी ‘वेन्डेड’ आणि भूतकालवाचक कृदन्तही ‘वेन्डेड’. प्रयोगाची एक खूण ध्यानात ठेवावी. हे क्रियापद बहुधा एकटे येत नाही, ‘वे’ म्हणजे वाट या शब्दास बरोबर घेऊन येते. आणि वाटेपूर्वीचे सर्वनाम कर्त्याप्रमाणे बदलते. ‘आय वेन्डेड माय वे होम’, ‘शी वेन्डेड हर वे होम’, ‘दे वेन्डेड देअर वे होम’. मराठीत याला ‘घरची वाट धरली’ हा प्रयोग पुष्कळसा जुळतो. अर्थात सावकाशपणाची आणि वळणावळणाने जाण्याची छटा आहे. यात्रेहून परतणारी माणसे किंवा पाणंदीने येणारी गुरे यांना हे क्रियापद शोभते. टपालकचेरीत तिकिटे आणावयास धावत गेलेल्या मुलास ते शोभत नाही.

आता या शब्दाचा पूर्वेतिहास पाहू. प्राचीन इंग्रजीत ‘वेन्डन’ याचा अर्थ वळणे किंवा वळविणे असा होता. वळणे या अर्थापासून जाणे हा अर्थ कसा निघाला, हे मराठी शिक्षकास निराळे समजावून सांगावयास नको. ‘दिवस मावळला तशी गुरे घराकडे वळली’ या वाक्यात ‘वळली’ म्हणजे चालू लागली, गेली, असाच अर्थ होतो. ‘सेन्ड’चे ‘सेन्ट’, ‘बेन्ड’चे ‘बेन्ट’, ‘लेन्ड’चे ‘लेन्ट’, ‘स्पेन्ड’चे ‘स्पेन्ट’ होते, हे फळ्यावर नेहमी लिहिले जाते. त्याच वळणावर ‘वेन्ड’चा भूतकाळ पूर्वी ‘वेन्ट’ असा होता. ‘गो’चा भूतकाळ म्हणून मुलांकडून घोकून घेतला जाणारा ‘वेन्ट’ हा शब्द तोच आहे. तो मुळात ‘गो’चा नव्हेच. ‘गो’ला स्वतःचे निराळे भूतकाळी रूप होते, प्राचीन इंग्रजीत ते ‘एओडे’ असे असून पुढे त्याचे ‘योड’ झाले. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत दक्षिणेकडील इंग्रजीत हे रूप मागे पडले आणि त्याच्या जागी ‘वेन्ट’ बसला. सोळाव्या शतकातील स्पेन्सर कवीच्या काव्यात ‘योड’ आढळतो, तो केवळ जुन्या वळणाची हौस म्हणून. इकडे आपला ‘वेन्ट’ गमावून बसलेल्या ‘वेन्ड’ने सर्वसाधारण नियमास अनुसरून ‘वेन्डेड’ हे नवे रूप घेतले.

उत्तरेकडे स्कॉटलंडच्या बोलीत मात्र निराळे घडले. तेथे ‘गो’च्याच बोलीतील रूपाला भूतकाळाचा प्रत्यय लागून ‘गेड’ असे रूप रूढ झाले आणि बर्न्ससारख्या थोर कवीने ते आपल्या काव्यात वापरले. ज्या नियमाने आपला मुलगा ‘गोएड’ म्हणतो, त्याच नियमाने तेथे एक सबंध लोकसमूह बोलत आला. प्रमाण इंग्रजीत ‘गोएड’ चूक आहे, यात शंका नाही. परंतु ते मूर्खपणाचे रूप आहे असे कोणास म्हणता येणार नाही.

मराठीकडे पाहिले तर हाच प्रकार घरातच आढळतो. ‘जाणे’ या क्रियापदाचा भूतकाळ ‘गेला’ असा होतो. ‘जा’ हा धातू संस्कृत ‘या’पासून आला, तर ‘गेला’ हे रूप ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या कृदन्तापासून आले. दोन धातूंनी मिळून एक क्रियापद चालविले आहे. ‘असणे’ याचा भूतकाळ ‘होता’ हाही असाच परक्या घरून आलेला आहे. कोकणीत तर वर्तमानकाळी ‘वच’ आणि भूतकाळी ‘गेलो’ अशी जोडी आहे. मराठी मुलास ‘जाणे–गेला’ कोणी तक्ता लावून शिकविले नाही. हजार वेळा कानी पडल्याने ते त्याच्या जिभेवर बसले. तरीही तीन-चार वर्षांचे मूल ‘मी केले’ ऐवजी ‘मी करले’ म्हणते, तेव्हा आई हसून ‘हो, तू केलेस ना?’ एवढेच म्हणते. ती मुलास शिक्षा करीत नाही. योग्य रूप पुन्हा एकदा त्याच्या कानावर घालते.

मूल असे का बोलते, याचा शोध अमेरिकेतील जीन बर्को या विदुषीने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घेतला. चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे तिने मुद्दाम बनविलेले निरर्थक शब्द ठेवले व त्यांची अनेकवचने आणि भूतकाळी रूपे विचारली. पूर्वी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दांना मुलांनी बहुतेक ठिकाणी योग्य प्रत्यय लावले. यावरून मूल ऐकलेले केवळ पुन्हा म्हणत नाही, तर ऐकलेल्यातून नियम काढते, हे स्पष्ट झाले. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी मुलेही आधी ‘वेन्ट’ बरोबर म्हणतात, नियम हाती आला की काही काळ ‘गोएड’ म्हणू लागतात, आणि पुढे पुन्हा ‘वेन्ट’वर येतात. मधली पायरी दिसावयास घसरणीची असली, तरी ती चढतीचीच आहे.

कोणती क्रियापदे अनियमित राहतात, यासही काही धरबंध आहे. एरेझ लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपली गणना प्रसिद्ध केली. प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत १४५ अनियमित राहिली आणि आजच्या इंग्रजीत ९८ उरली आहेत. जे क्रियापद जितके विरळ, तितके ते लवकर नियमित झाले. ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘गो’, ‘से’ ही सदैव तोंडी असणारी क्रियापदे मात्र अनियमितच राहिली. ‘हेल्प’ आणि ‘क्लाइम’ यांची जुनी ‘होल्प’ व ‘क्लोम’ ही रूपे जाऊन ‘हेल्प्ड’ आणि ‘क्लाइम्ड’ आली. ‘वेन्ड’ व ‘गो’ या जोडीतही तेच दिसते : विरळ झालेल्या ‘वेन्ड’ला नियमित रूप मिळाले आणि रोजच्या ‘गो’कडे अनियमित रूप आले. अनियमित रूप वापराच्या बळावर जगते. ऐकणे थांबले की ते लोपते.

यावरून वर्गातील वागणुकीविषयी काही गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट तपासणीची. ‘यस्टरडे ही गो’ असे लिहिणारा आणि ‘यस्टरडे ही गोएड’ असे लिहिणारा, हे दोघे विद्यार्थी एका पायरीवर नाहीत. पहिल्यास भूतकाळी रूप बदलावे लागते याचीच जाणीव झालेली नाही. दुसऱ्यास नियम कळला आहे, फक्त एक अपवाद ऐकावयाचा राहिला आहे. दोघांच्या वहीवर सारखीच फुली मारली, तर पुढे गेलेल्या मुलास मागे राहिलेल्याच्या पंक्तीस बसविल्यासारखे होते. शिक्षकाच्या टिपणवहीत या दोन चुका निरनिराळ्या रकान्यांत असाव्यात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मुलाने ‘ही गोएड टु द मार्केट’ म्हणताच शिक्षकाने ‘येस, ही वेन्ट टु द मार्केट’ असे प्रसन्नपणे म्हणावे व लगेच पुढचा प्रश्न विचारावा. वर्गास हसू देऊ नये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांस २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाने मनाई केलेलीच आहे. परंतु कायदा नसता तरी या चुकीला शिक्षा हे औषध नव्हते.

तिसरी गोष्ट सरावाची. ‘गो–वेन्ट–गॉन’ हे पाठांतर उपयोगाचे असले तरी पुरेसे नाही. दररोज पाच मिनिटे ‘काल कोण कोठे गेले’ यावर संभाषण घ्यावे : बाजारात, शेतात, मामाच्या गावी, दवाखान्यात. पंधरा-वीस क्रियापदे अशी वारंवार कानावरून गेली म्हणजे प्राथमिक शाळेपुरती बरीचशी अडचण दूर होते. ‘वेन्ड’सारखे विरळ क्रियापद या वयात शिकविण्याची गरज नाही. शिक्षकाने मात्र ते जाणून असावे.

वरच्या वर्गातील एखादा चौकस मुलगा विचारील, “गुरुजी, ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे झाले?” त्यास ‘ते तसेच असते’ असे उत्तर देण्याऐवजी फळ्यावर एका बाजूस ‘सेन्ड–सेन्ट, वेन्ड–वेन्ट’ आणि दुसऱ्या बाजूस ‘जाणे–गेला’ असे लिहावे. आपल्या बोलीतही तीच गंमत आहे हे पाहून इंग्रजीविषयीचे त्याचे भय थोडे तरी कमी होईल, आणि ‘गोएड’ म्हणणाऱ्या धाकट्या भावास तो हसणार नाही.