वायकिकीच्या समुद्रातील एक अस्थिविसर्जन
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात मरणाचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. पण पन्नास वर्षे दूरदेशी राहिलेल्या समाजाला मुंजी-लग्नांइतकाच हाही प्रश्न पडत असतो. आपल्यापैकी कित्येकांनी वडिलांच्या अस्थींचा कलश मांडीवर धरून विशाखापट्टणहून नाशिकपर्यंतचा आगगाडीचा प्रवास केला आहे. आणि रजेपायी किंवा पैशापायी ज्यांना तो करता आला नाही, त्यांच्या मनात त्याची चुटपुट राहिली आहे. आज सांगतो ती हकिकत मात्र प्रशांत महासागरातील हवाई बेटांची आहे.

ड्यूक कहानामोकु हा तेथील पोहणारा. ‘ड्यूक’ ही पदवी नव्हे. १८६९ मध्ये एडिंबरोचा ड्यूक, म्हणजे इंग्लंडचा राजपुत्र, होनोलुलूस आला असता याच्या वडिलांचा जन्म झाला. पाहुण्याच्या स्मरणार्थ त्यांना ते नाव मिळाले आणि पुढे ते मुलाकडे आले. मुलाचा जन्म १८९० चा. त्या वेळी हवाईत स्वतःचे राजे होते. १८९३ मध्ये ती राजसत्ता उलथली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली आणि १९५९ मध्ये ती त्या देशाचे एक राज्य झाली. आपण नोकरीसाठी गाव सोडले. या माणसाचे गाव होते तेथेच राहिले, देश मात्र बदलत गेला.

स्टॉकहोम येथे १९१२ मध्ये आणि अँटवर्प येथे १९२० मध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. १९२४ मध्ये पॅरिसला तो दुसरा आला आणि त्याचा सख्खा भाऊ तिसरा. लाटेवर लाकडी फळी टाकून तीवर उभे राहावयाचे, हा हवाईचा जुना खेळ त्याने ऑस्ट्रेलियापर्यंत नेला. परंतु मला पदकांहून मोठी वाटते ती १९२५ च्या जूनमधील गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात एक बोट उलटली. बोटीवर एकोणतीस माणसे होती. कहानामोकु आपली फळी घेऊन त्या लाटांत तीन वेळा गेला आणि त्याने आठ जणांना बाहेर काढले. सतरा माणसे बुडाली. जे वाचले ते बारा; त्यांतले आठ या एकट्याने आणलेले. पुढे पंचवीसएक वर्षे तो होनोलुलूचा शेरीफ होता.

२२ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. मृत्यूही आला तो वायकिकीच्या नौकाक्लबात, पाण्याच्या काठी.

सरकारी इतमामाचे कार्यक्रम आखण्यात माझी बरीच नोकरी गेली, म्हणून या अंत्यविधीकडे मी थोड्या निराळ्या नजरेने पाहतो. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाली, माजी शेरीफ म्हणून पोलिसांचा ताफा बरोबर चालला. ते सगळे यथास्थित होते. खरा निरोप त्यानंतरचा. वायकिकीच्या वाळूवर हजारो माणसे जमली होती. तेथे रेव्हरंड अब्राहम अकाका यांनी उपासना चालविली. किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवरचा खेळ शिकविणारे गडी गायले. मग होड्या पाण्यात लोटल्या गेल्या. कोकणातल्या मंडळींना उलांडीची होडी ठाऊक असेल, तशाच त्या असतात. बाहेरच्या खडकांच्या रांगेपलीकडे नेऊन त्याची रक्षा समुद्राला दिली, आणि त्यावर फुलांचे हार सोडले. वल्ही ज्यांच्या हाती होती ते त्या पाण्याचेच लोक होते. हे काम भाड्याच्या माणसांचे नव्हे, असे त्यांना वाटले असावे.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा विधी पुरातन नाही. जुन्या हवाईत अस्थी फार पवित्र मानीत. सरदारांच्या अस्थी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून गुप्त जागी ठेवीत. प्रेत जाळणे ही तेथे विटंबना समजली जाई. रक्षा समुद्रात सोडण्याची ही चाल विसाव्या शतकात वायकिकीला रुळली. तरीही त्या दिवशी ती कोणाला उपरी वाटली नाही.

१९९० मध्ये त्याचा पुतळा तेथे उभारला, तो समुद्राकडे पाठ करून. पाण्याचा माणूस समुद्राला कधी पाठ दाखवीत नाही, असे म्हणून लोक कुरकुरले. त्यांची तक्रार मला पटते. पण पुतळ्याच्या पसरलेल्या हातांवर रोज ताजे हार पडतात, ते दिशा पाहून नव्हे.

तेव्हा ज्यांना नाशिक गाठता येत नाही त्यांनी संकोच का बाळगावा? रामकुंडावरून जाणारी गोदावरी उगमापासून १,४६५ किलोमीटर वाहून शेवटी आपल्याच आंध्रच्या किनाऱ्याला येते. तिची एक शाखा अंतर्वेदीला सागरास मिळते. आपल्या दारातला समुद्र तोच. ज्यांना रामकुंडच हवे त्यांनी अवश्य जावे. माझी त्यांच्याशी वाद घालण्याची इच्छा नाही.

माझी सूचना एवढीच आहे की, विश्वासू कोळी, चांगली होडी आणि मराठीतून विधी सांगणारे गुरुजी यांची नावे मंडळाच्या दप्तरी असावीत, आणि होडीत मंडळाचे निदान चार सभासद बसावेत. कार्यकारिणीने पुढील सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.