सेल्फ फिरतो, पण किती वेळ?



गाडीचा जुना सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो. त्याचं वजन हाताला लागलं की भूल पडते. मीही एकदा त्यावर धार लावायचा दगड बसवला आणि बारा व्होल्टची बॅटरी जोडली. दगड भयंकर वेगानं सुटला. दोन मिनिटांत वार्निश जळल्याचा वास आला. दगड फुटला नाही, म्हणून डोळे वाचले.

सेल्फमध्ये ताकद खरीच असते. साध्या मोटारीचा सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, म्हणजे किलोवॅटभर वीज. पण ही ताकद काही सेकंदांपुरतीच. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं आधी गल्लापेटी चालवणारी विजेची मोटर केली होती. मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर लहान मोटरवरही मोठा भार टाकता येतो, हे त्याला ठाऊक होतं. तेच त्यानं इंजिनासाठी वापरलं आणि 1912च्या कॅडिलॅकला हँडल मारायची गरज उरली नाही. काम क्षणभराचंच, म्हणून सेल्फला गार करणारा पंखा नसतो आणि आस बहुधा साध्या बुशांत फिरतो. शिवाय जुन्या सेल्फचं वायंडिंग सिरीजचं. भार काढला की वेग आवरत नाही.

त्याच ढिगात जुन्या अँबॅसेडरचा किंवा फियाटचा डायनॅमो मिळाला, तर तो मात्र उचला. गाडी चालू असेपर्यंत, तासन् तास फिरायचं, हे त्याचं मूळ कामच आहे. पुलीपाशी त्याला पंखा असतो. वीज तयार करणारं हे यंत्र उलट वीज दिली की मोटर होतं. 1873मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात फोंतेन नावाच्या अभियंत्यानं, ग्राम या संशोधकाच्या बनावटीच्या एका डायनॅमोची वीज तशाच दुसऱ्याला देऊन पंप चालवून दाखवला होता.

जोडणी सोपी आहे. डायनॅमोवर डी आणि एफ अशी दोन टोकं असतात. ती एकमेकांना जोडून बॅटरीच्या एका टोकाला न्यायची, दुसरं टोक डायनॅमोच्या अंगाला. गाडीत ज्या दिशेनं तो फिरायचा, त्याच दिशेनं फिरू लागतो. मात्र एफची तार, म्हणजे फील्डची, घट्ट बसवा. ती चालू असताना सुटली तर वेग बेफाम वाढू शकतो किंवा करंट एकदम चढतो. फ्यूज हवाच. वीज तयार करताना असा डायनॅमो वीस-बावीस अँपिअर देत असे, पण मोटर म्हणून तो सावकाश फिरतो, वारा कमी मिळतो. म्हणून मी दहाच्या पुढे जाऊ देत नाही. अधूनमधून अंगावर हात ठेवून पाहते. हात टिकला पाहिजे.

नव्या गाड्यांतल्या अल्टरनेटरचीही मोटर होते. पण त्याचे डायोड काढावे लागतात, तीन तारांना इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो आणि रोटरला वेगळी वीज द्यावी लागते. पहिल्या प्रयोगाला तो घेऊ नये. हळू आणि जोरकस फिरणारं काही हवं असेल, तर वायपरची मोटर बघा. तिच्यात गिअर असतो आणि ती पावसात तास-तास चालते.

आमच्या गल्लीतल्या लोहारदादांच्या भट्टीला आता भात्याऐवजी पंखा आहे. तो डायनॅमोवर फिरतो. ते दर महिन्याला त्याचे कार्बन ब्रश काढून बघतात आणि मागच्या बुशात तेलाचे दोन थेंब सोडतात.