सुई कुणाच्या मालकीची?

(सोलापुरातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



या शहरात कलेवर बोलायचं म्हटलं की मला आधी तारेचं कुंपण दिसतं. इंग्रजांनी 1871 साली कायदा केला आणि माणसं जन्मानंच गुन्हेगार ठरवली. सोलापूरच्या सेटलमेंटात ती तारेआड कोंडली. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, पुन्हा तारेआड. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. शिक्का गेला नाही.

विमुक्तांच्या यादीत आपले लमाणही आहेत. तांड्यावरच्या म्हातारीची फेटिया बघा, कांचळी बघा. आरसे, कवड्या, रंगीत टाके. हे तिला कुठल्या आर्ट स्कूलनं शिकवलं नाही. आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं.

पांढरपेशांना हे केव्हा दिसलं? दुकानात टांगलं तेव्हा. ऊसतोडीला गेलेली बाई दिसली नाही, तिची कांचळी मात्र काचेच्या फ्रेमीत बसली. खाली लिहिलं 'लोककला'. करणारीचं नाव नाही, मजुरी नगावर, भाव दलालाचा. हे बलुतंच झालं की!

मग सुई फेकून द्यायची? मलाही तसंच वाटायचं. आईच्या गोधडीची मला लाज वाटायची. पण लाज सुईची नव्हती, लाचारीची होती.

संडूरचं बघा. घोरपड्यांचं जुनं संस्थान, आज कर्नाटकात. तिथं कुशल कला केंद्रात लमाण बाया भरतकाम करतात. 2010 साली त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै 2023 मध्ये हंपीला जी-20 ची बैठक भरली, तेव्हा साडेचारशेवर बायांच्या हातच्या 1755 वस्तू मांडल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. टाळ्या जरूर वाजवा. पण कुठल्याही केंद्रात गेलात तर एक विचारा : भाव कोण ठरवतं?

ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी मुलखातल्या आदिवासी बायांनी हा प्रश्न आधीच धसाला लावला. जमिनीच्या हक्काच्या बोलण्यात त्यांचं कुणी ऐकेना, म्हणून 1980 साली त्यांनी स्वतःची कौन्सिल काढली. गवताच्या टोपल्या तिथं आल्या 1995 ला. कामाचं नाव 'जान्पी', म्हणजे गवतच. 2005 साली त्यांनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली आणि देशाचा आदिवासी कला पुरस्कार घेतला. गवत आणायला म्हाताऱ्या पोरींना घेऊन रानात जातात. जमीन आणि गोष्टी तिथंच पोरींच्या हवाली होतात.

लक्षात घ्या, आधी संघटना, मग टोपली. आपल्याकडं उलटं चालतं. आधी प्रदर्शन, मग फोटो, बाई शेवटी.

तेव्हा आपल्या तांड्यांवर, वस्त्यांवर संस्था निघाली तर ती बायांच्या ताब्यात हवी. हिशेबाची वही बाईच्या हातात, कापडावर करणारीचं नाव. पोरगी शाळेत जाईल, आणि वाटलं तर सुई धरील. नाही वाटलं तर नाही धरणार.

आणि दोस्तांनो, या स्टेजवर बघा. एक बाई नाही. बायांच्या कलेवर मी बाप्या बोलतोय. पुढच्या मेळाव्यात हा माईक त्यांच्याकडं द्या, आपण खाली बसून ऐकू.

जय भीम!