वीणेचा आवाज वीणेसारखाच यावा म्हणून

आज बचतगटाचा हिशेब नाही की लोणच्याची कृती नाही. आज बोलायचंय आपल्या भजनी मंडळाच्या वीणेबद्दल.

आमच्या मंडळाने सप्ताहासाठी वर्गणी काढून गिटारला लावतात तसला पिकअप आणला. टाळ-पखवाजात वीणा ऐकूच येत नाही, मग सूर सुटतो, म्हणून. पिकअप वीणेला चिकटवला, वायर मिक्सरला जोडली आणि आक्कांनी तार छेडली. कर्ण्यातून आवाज आला तो पत्र्यावर खडे पडावेत तसा! साउंडवाला म्हणाला, "वीणा जुनी झाली मावशी, मोबाईलवर तंबोरा लावा." आक्का काही बोलल्या नाहीत. सातही दिवस वीणा हातोहात फिरली, जमिनीला टेकली नाही. पण मांडवात सूर मोबाईलचा होता. शेवटच्या दिवशी आक्का म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वीणा दुसऱ्या कुणाकडे द्या गं."

ते मनाला लागलं. माझा भाचा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. तो सुट्टीला आला तेव्हा त्याच्यापुढे वीणा आणि पिकअप दोन्ही ठेवलं. तेव्हा कळलं, वीणा चांगली होती. जोडणी चुकली होती.

आधी हा पिकअप म्हणजे काय ते बघू. आपण गॅस पेटवायला लायटर दाबतो. आत एका खड्यावर ठोका बसतो आणि ठिणगी पडते. काही पदार्थ असे असतात की त्यांच्यावर दाब पडला की वीज तयार होते. हे १८८० साली प्येर आणि जॅक क्युरी या भावांनी दाखवलं. प्येर म्हणजे मादाम क्युरींचे यजमान. आपल्या पिकअपमध्ये तेच आहे, पितळी चकतीवर तसल्या पदार्थाचा पातळ थर. तार छेडली की घोडी थरथरते, घोडीने तबली थरथरते, तबलीने चकती. त्या थरथरीची बारीकशी वीज होते आणि ती वायरीतून जाते.

म्हणजे माईक हवेतला आवाज ऐकतो आणि पिकअप लाकडाची थरथर ऐकतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातून समजतं.

पहिली गोष्ट जोडणीची. या चकतीची वीज फार नाजूक असते. ती सरळ माईकच्या भोकात खुपसली, की तिथे जाड सूर गळून जातात आणि उरतो नुसता किरकिरा आवाज. आमचं नेमकं हेच झालं होतं. या पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपासची जोडणी लागते. माईकच्या जोडणीत असतात एक-दोन हजार. दुकानात हे आकडे सांगायला लाजू नका. मध्ये एक छोटी डबी लावायची, तिला प्रीअँप म्हणतात. बहुतेक डब्या ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालतात. चकतीपासून डबीपर्यंतची वायर आखूड ठेवा, नाहीतर ती वाटेतली घुंघुं गोळा करते. डबीपासून मिक्सरपर्यंतची लांब असली तरी चालते.

दुसरी गोष्ट जागेची. आम्ही चकती घोडीला खेटून लावली होती. तिथे तारेचा टणत्कार जास्त येतो, भोपळ्याची गोलाई येत नाही. घोडीपासून दोन बोटं लांब लावा, मग तीन बोटं, मग थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. एकीने वीणा वाजवायची आणि दुसरीने मांडवाच्या मागे उभं राहून ऐकायचं. वाजवणारीला खरा आवाज कळत नाही, तिला वीणा छातीशीच ऐकू येते. प्रत्येक वीणेची जागा वेगळी असते. सापडली की पेन्सिलीने बारीक खूण करा. चकती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पातळ पट्टीने घट्ट बसवा. जाड फोमची पट्टी नको, ती थरथर गिळते. आणि काढताना ओढू नका, तबलीचं पॉलिश निघेल.

तिसरी गोष्ट मिक्सरच्या कळांची. हाय, मिड, लो या तिन्ही आधी मधोमध ठेवायच्या. एको बंद. आवाज टिणटिण वाटला तर मिड थोडा कमी करायचा. वाढवण्यापेक्षा कमी करून बघितलं की आवाज लवकर जागेवर येतो.

शिट्टी वाजते ती कशाने? कर्ण्याचा आवाज तबलीवर आपटतो, तबली थरथरते, चकती ते ऐकते आणि पुन्हा कर्ण्याकडे पाठवते. असं चक्र सुरू होतं. म्हणून कर्णे गाणाऱ्या बायकांच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवायचे. तरी घुमलं तर लो कमी करा.

आता खास आपल्या सोयीचं. पिकअप लाकूड ऐकतो, त्यामुळे तबलीला पदर घासला किंवा बांगडी लागली तर तीही कर्ण्यातून ऐकू येते. वीणेवर उभं राहताना पदर खोचून घ्या. पहारा बदलताना, वीणा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, मिक्सरवरचा वीणेचा आवाज खाली घ्या. त्यासाठी एक जण नेमूनच ठेवा. वायरीला दांडीशी सुती दोऱ्याने बांधून थोडी सैल ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी चकती उखडत नाही. आणि हे सगळं सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी करून बघा. एकदा वीणा उभी राहिली की ती खाली ठेवता येत नाही.

घरगुती भजन असेल, दहा-बारा बायका असतील, तर पिकअप नकोच. तबलीपासून वीतभर अंतरावर साधा माईक धरला की पुरतो. त्याला हवेतली गोलाई मिळते. पण सप्ताहात तोच माईक टाळ जास्त उचलतो, म्हणून तिथे पिकअप.

आता विचाराल, आवाज जागेवर आला हे ओळखायचं कसं? काकड्याला जा. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ भोंगा लावायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे पहाटे वीणा आहे तशी ऐकू येते. डोळे मिटून तो आवाज कानात भरून घ्या. संध्याकाळी मिक्सरपाशी उभं राहाल तेव्हा तोच आवाज आठवायचा आणि कळ तिथवर फिरवायची. मोठा आवाज काढणं सोपं आहे. आपल्याला आपल्या वीणेचा हवाय.

आणि कळा आपण फिरवायच्या. घरातला मिक्सर रोज चालवतो, हा का नाही जमणार? साउंडवाल्या दादांना मान द्या, पण आधी सांगा, "दादा, वीणेची कळ आमच्याकडे राहू द्या."

परवा आम्ही आक्कांच्या अंगणात सगळं जोडून बघितलं. आक्कांनी तार छेडली. थोडा वेळ नुसत्याच ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही माझीच आहे की गं." पुढच्या सप्ताहाचा पहिला पहारा त्यांनी स्वतःहून मागून घेतलाय.

राम कृष्ण हरी, मैत्रिणींनो.